पाणी कुठे मुरतंय? पिकअपवाल्या नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

हे मार्गदर्शन अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिअ‍ॅटल आणि त्याच्या आसपासच्या गावांत राहणाऱ्या, दिवसभर संगणकावर पोट भरणाऱ्या आणि तरीही पिकअप घेऊन बसलेल्या मराठी माणसांसाठी आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही. फक्त ॲरिझोनातल्या मंडळींनी ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ हे मुद्दाम फोन करून कळवू नये.

पूर्वतयारी म्हणून एक पिकअप लागेल. ती घेताना घरात जी कारणं सांगितली होती (बागेसाठी माती आणता येईल, सोफा हलवता येईल, डोंगरात बर्फावर बरी पडते) त्यांपैकी एकाचाही गळतीशी संबंध नाही, म्हणून ती इथे पुन्हा उगाळत नाही. गावी फोन केल्यावर बाबांनी “भाजीचा धंदा काढलास की काय?” असं विचारलं असेल, तर त्यांचं चुकलं नाही. आपल्याकडे पिकअप म्हणजे पहाटे मार्केट यार्डात कोबी उतरवणारी गाडी. इथे तिच्यात पुढे प्रॉडक्ट मॅनेजर बसतो आणि मागच्या हौद्यात बहुतेक दिवस काहीच नसतं. पण इथल्या चालीरीतीच तशा आहेत. फोर्डच्या एफ मालिकेने १९७७ पासून ट्रकांच्या खपातला पहिला नंबर या देशात कुणाला घेऊ दिलेला नाही. म्हणजे संकटात तुम्ही एकटे नाही.

मागची सरकती खिडकी विक्रेत्याने तुम्हाला मोठ्या कौतुकाने उघडून दाखवली असेल. लांब फळी आत घेता येते, हौद्यावर टप चढवला तर आतून हात घालता येतो, कुत्र्याला वारा मिळतो. त्यानंतर ती तुम्ही कधी उघडलीत ते आठवून बघा. नाही ना आठवत? हरकत नाही. शरीररचना थोडक्यात अशी: काळ्या प्लास्टिकच्या एका चौकटीत तीन काचा, कडेच्या दोन पक्क्या, मधली सरकती. काच सरकावी म्हणून खालीवर खाचा. ही अख्खी चौकट केबिनच्या पत्र्याला युरेथेनच्या गोंदाने चिकटवलेली असते. जुन्या गाड्यांत जाड रबरी पट्टीत बसवलेली. एवढं पुरे.

पहिली पायरी: गळती आहे हे कबूल करा.

सगळ्यांत जास्त वेळ याच पायरीला लागतो. ऑक्टोबरात एका सकाळी गाडीत बसलात की काचा आतून धुरकट दिसतात. तुम्ही हीटर लावता, काचा निवळतात, तुम्ही ऑफिसला जाता. पुढच्या आठवड्यात मागच्या सीटवरून वास यायला लागतो. ओल्या कुत्र्याचा म्हणावा, तर घरात कुत्रा नाही. मग संशयितांची यादी होते. मुलाची पाण्याची बाटली. पोहण्याच्या क्लासचा टॉवेल. सासूबाईंनी सांडलेलं (आणि त्यांनी ठामपणे नाकारलेलं) ताक. एखादा मित्र एसीच्या पाण्यावर संशय घेतो. तो अगदीच खुळा नाही, पण एसीचं पाणी तुंबलं तर ते पुढच्या सीटच्या पायाशी येतं, मागच्या नाही. शेवटी कधीतरी सिग्नलला ब्रेक दाबल्यावर पाठीमागून डुचमळल्याचा आवाज येतो आणि मागच्या सीटबेल्टचं टोक हाताला गार, ओलं लागतं. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण एरवी राजकारणाबद्दल म्हणतो. हे गालिच्यात मुरतंय.

‘आम्ही मुंबईचा पाऊस काढलाय, या भुरभुरीचं काय घेऊन बसलात’ हा युक्तिवाद सोडून द्या. सिअ‍ॅटलला वर्षाकाठी साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. आकड्यांत आपण जिंकतो. पण मुंबईचा पाऊस धसमुसळा. येतो, झोडपतो, जातो. इथला ऑक्टोबरात येतो आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतो, आणि बहुतेक वेळा इतका बारीक असतो की इथली जुनी माणसं छत्रीसुद्धा उघडत नाहीत. जोराचा पाऊस काचेवरून वाहून जातो. हा बारीक पाऊस पडेल तिथे थांबतो आणि मिळेल त्या फटीत ओढला जातो. शाळेत केशाकर्षण नावाचा धडा होता, परीक्षेपुरता पाठ केलेला. त्याचं प्रात्यक्षिक आता तुमच्या गाडीत चालू आहे.

दुसरी अडचण पंचांगाची. जुलै-ऑगस्टात सिअ‍ॅटल कोरडं असतं. दुरुस्तीला याहून चांगला मुहूर्त नाही. पण तेव्हा गळत नाही, आणि जे गळत नाही त्याकडे कोण बघतो! मे महिन्यात कौलं परतून घ्यायची म्हणून मार्चपासूनच माणसांच्या मागे लागणारे कोकणातले वडीलधारे या बाबतीत आपल्या फार पुढे होते. तुम्ही मात्र हे नोव्हेंबरातच वाचत असणार.

दुसरी पायरी: हातातली सिलिकॉनची नळी खाली ठेवा.

ती हातात आहे, हे आम्ही गृहीत धरलं आहे. मराठी घरात गळतीवर परंपरेने तीन औषधं चालतात: डांबर, ताडपत्री आणि एमसील. व्हिडिओ कॉलवर ओला गालिचा दाखवलात की बाबा पहिल्यांदा विचारणार, “एमसील मिळत नाही का तिकडे?” अमेरिकन माणसाची श्रद्धा सिलिकॉनवर आहे. हार्डवेअरच्या दुकानात त्याची एक अख्खी रांग असते. पारदर्शक, पांढरं, काळं, खिडकीचं, बाथरूमचं. त्या रांगेतून रिकाम्या हाताने परत येणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

घोडं पेंड खातं ते इथेच. सरकती खिडकी पाणी पूर्ण अडवण्यासाठी बनवलेलीच नसते. काच सरकायची तर थोडी मोकळीक हवी, आणि मोकळीक ठेवली की पाणी येणार, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो पाण्याशी भांडण काढत नाही. काचेवरून उतरलेलं पाणी तो खालच्या खाचेत जमू देतो आणि खाचेच्या तळाला बारीक भोकं ठेवून त्याला बाहेर, हौद्याच्या बाजूला जायची वाट करून देतो. खाच ओली होणं हा बिघाड नाही, ती तिची नोकरी आहे. बिघाड होतो तो भोकं बुजल्यावर. मग पाणी खाचेत साचतं, आतल्या काठावरून वर येतं आणि सीटच्या पाठीमागून चोरपावलांनी खाली उतरतं.

आता नवशिका काय करतो? तो बाहेरून बघतो. चौकटीच्या खालच्या कडेला त्याला छोटी छोटी भोकं दिसतात. “हे बघ, इथून शिरतंय!” असं ओरडून तो त्यांत सिलिकॉन भरतो. वर बोटाने छान गुळगुळीत करतो, फोटो काढतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! कालपर्यंत जे पाणी निम्मंशिम्मं तरी बाहेर जात होतं ते आता सगळं आत येतं. शनिवारी दुरुस्ती, सोमवारी तळं. यावर त्याचा निष्कर्ष असा निघतो की सिलिकॉन कमी पडलं.

हात अगदीच शिवशिवत असतील तर घरातल्या बाथटबच्या कडेला लावा. तिथे त्याची खरोखर गरज असते, आणि घरात दोन महिन्यांपासून कुणीतरी त्याबद्दल सांगतही असतं.

तिसरी पायरी: भोकं मोकळी करा.

मधली काच पूर्ण सरकवा आणि खालच्या खाचेत टॉर्च मारा. वॉशिंग्टन स्वतःला सदाहरित राज्य म्हणवतं. त्या हिरवाईचा तुमच्या वाट्याला आलेला भाग इथे आहे. डग्लस फरच्या इंचभर लांबीच्या सुया एकावर एक आडव्या पडलेल्या, त्यांच्यात काळा चिखल, चिखलात मागच्या वर्षीची परागधूळ. खाचेतल्या मखमली पट्टीवर शेवाळ धरलेलं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर कोपऱ्यात एखादं दोन पानांचं रोपही उगवलेलं दिसेल. त्याचं कौतुक बाजूला ठेवून उपटा.

सुका कचरा व्हॅक्यूमने ओढून घ्या, चिखल जुन्या दातब्रशाने सैल करा. भोकांत तार घालू नका. प्लास्टिक जुनं झालेलं असतं, भोक साफ करताना शेजारी दुसरं पडेल. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी वितभर कापून घ्या. ती ताठ असते पण ओरखडे काढत नाही, वाट वाकडी असेल तर वाकून जाते. दोन्ही बाजूंनी घाला, फिरवा, ओढा. दुसऱ्या टोकाने काळपट गोळी बाहेर येते तेव्हा होणारं समाधान मोठं असतं. ते ऑफिसात वर्षाअखेरच्या आढाव्यातही मिळत नाही. मग कपभर पाणी सावकाश खाचेत ओता आणि मागे जाऊन बघा. पाणी काही क्षणांत बाहेरून, हौद्याच्या बाजूने टपकायला हवं. गाडी सपाट जागी उभी करून हे करा. ड्राइव्हवे उताराचा असेल तर सगळं पाणी एका कोपऱ्यात जातं, आणि दुसऱ्या कोपऱ्याचं बुजलेलं भोक गुपचूप राहून जातं.

बऱ्याच गाड्यांचं दुखणं इथेच संपतं. खर्च शून्य येतो. नवीन हत्यार घ्यावं लागत नाही. ही पायरी लोकांना आवडत नाही ती म्हणूनच.

जाता जाता: खाच साफ झाल्यावर काच हलकी सरकावी म्हणून सिलिकॉनचं ग्रीस किंवा स्प्रे मारायला हरकत नाही. साधं खनिज तेल नको, रबर त्याने फुगतं. आणि ग्रीसची नळी व सीलंटची नळी एकाच पिशवीत ठेवू नका. एकाने खिडकी सरकते, दुसऱ्याने ती आयुष्यभरासाठी सरकायची थांबते, आणि गराजच्या अंधुक दिव्यात दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात.

चौथी पायरी: जोडीदाराला बोलवा.

तरीही गळत असेल तर पाण्याची परीक्षा घ्यावी लागते. एकाने आत बसायचं, एकाने बाहेर बागेची नळी धरायची. आधी आतली मागची सीट काढा (बहुतेक गाड्यांत टॉर्क्सचा पाना लागतो), खिडकीखालचं प्लास्टिकचं आवरण निघेल तेवढं काढा, पत्रा पुसून कोरडा करा आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. पाण्याचा पहिला थेंब पावडरीतून रेघ ओढत उतरतो. त्या रेघेचं बोट धरून वर गेलात की उगम सापडतो. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. हे मूळ शोधायलाच हवं.

नळीच्या तोंडाला पिस्तूल लावू नका. प्रेशर वॉशर तर आणूच नका. तेवढ्या जोराने मारलेलं पाणी धडधाकट खिडकीतूनही आत जातं आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पाणी हलकं सोडा आणि खालून सुरुवात करा. आधी फक्त खिडकीची खालची कड, पाच मिनिटं. मग डावी, मग उजवी, मग वरची, आणि शेवटी छत. घाई झालेला माणूस पहिल्याच फटक्यात छतावर नळी धरतो. पाणी वरून खाली सगळीकडून वाहतं, आत कुठूनतरी टपकतं, आणि दोघंही भिजून पहिल्याइतकेच अडाणी राहतात.

संवाद साधारण असा होतो.

“आलं का?”

“काय?”

“पाणी! आत आलं का?”

“कुणाचा फोन आला?”

काचा बंद, नळीचा आवाज, त्यामुळे शेवटी दोन हातांच्या अंतरावर असलेली दोन माणसं एकमेकांना मोबाइलवर फोन लावतात. हे लाजिरवाणं आहे खरं, पण उपयोगी आहे, स्पीकरवर ठेवा. बाहेरच्याने नळी कुठे आहे ते सारखं सांगत राहायचं, आतल्याने पावडरीवरून नजर हलवायची नाही. “तू नीट बघत नाहीयेस” हे वाक्य दोन्ही बाजूंनी एकदा येऊन जातं. ते लवकर उरकून घ्या.

याच सुमारास शेजारचे निवृत्त गृहस्थ खिशात हात घालून ड्राइव्हवेच्या टोकाला येऊन उभे राहतील. ते थोडा वेळ काही बोलणार नाहीत. मग म्हणतील, “खिडकी नसते ती.” त्यांनी आयुष्यात पाच-सहा पिकअप वापरलेल्या असतात, तरी त्यांचं कुणी ऐकत नाही, कारण खिडकी गळताना आपण डोळ्यांनी बघितलेली असते.

पाठोपाठ बाबांचा कॉल. तिकडे रात्रीचे साडेदहा, पण ‘काय झालं त्या गळतीचं’ हे कळल्याशिवाय त्यांना झोप नाही. कॅमेरा फिरवून दाखवा. ते चष्मा कपाळावर सरकवतील आणि म्हणतील, “अरे, पडवीत टपकायचं तेव्हा भोक माजघरावर असायचं. पाणी वाशावरून चालत येतं. टपकतंय तिथे काय बघतोस? वर बघ वर.” सिअ‍ॅटलच्या उपनगरातले शेजारी आणि चिपळूणचे बाबा, एकमेकांची भाषा न कळणारी दोन माणसं, एकच गोष्ट सांगत असतात. आता तरी ऐका.

पाचवी पायरी: वर बघा.

केबिनच्या मागच्या कडेला, खिडकीच्या बरोबर वर, एक लांबट लाल दिवा आहे. तिसरा ब्रेकलाइट. अमेरिकेत तो कारना १९८६ च्या मॉडेलांपासून आणि पिकअपसारख्या हलक्या ट्रकांना १९९४ च्या मॉडेलांपासून सक्तीचा झाला. कारमध्ये तो बहुतेक वेळा मागच्या काचेच्या आतल्या बाजूला, सुखात बसतो. पिकअपमध्ये त्यासाठी छताच्या मागच्या कडेच्या पत्र्याला भोक पाडून तो बाहेर बसवतात. मागून येणाऱ्याने तुम्हाला ठोकू नये म्हणून ते भोक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते भोक आणि सिअ‍ॅटलचा हिवाळा यांच्यामध्ये फोमची एक पट्टी आहे, बस्स.

ही पट्टी नवी असताना मऊ असते. काही उन्हाळे-हिवाळे गेले की चेपते ती चेपतेच. बोटाने दाबून सोडली तरी पुन्हा फुगत नाही. मग पाणी दिव्यामागून आत येतं, वायरीच्या जुडग्यावर बसून थोडं सरकतं, छताच्या कापडामागून खाली उतरतं, खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कडेला पोचतं, तिच्या बाजूने वळसा घालतं आणि खालच्या कोपऱ्यातून टपकतं. टपकताना ते शंभर टक्के खिडकीतून आल्यासारखं दिसतं. छताचं कापड वरच्या कडेला हाताने चाचपून बघा. ते दमट लागलं तर पाण्याने खिडकी बघण्याआधी छत बघितलेलं आहे.

खात्री करणं सोपं आहे. सगळं पुसून कोरडं करा. दिव्याच्या चारी कडांवर रुंद चिकटपट्टी घट्ट मारा. पुन्हा नळी. आत कोरडं राहिलं तर गुन्हेगार सापडला. दोन स्क्रू काढले की दिवा हातात येतो, वायरचं टोक सांभाळा, जुना फोम खरवडून काढा, पत्रा स्पिरिटने पुसा, नवं गॅस्केट बसवा. ते काही डॉलरना मिळतं. स्क्रू आवळताना मर्दुमकी दाखवू नका. लाल प्लास्टिकला तडा गेला की पाण्याला नवीन, अधिक प्रशस्त वाट मिळते.

शेजाऱ्यांना हे सांगायचं की नाही, ते तुमच्या स्वभावावर आहे. ते विचारणार नाहीत.

सहावी पायरी: खालीही बघा.

मागच्या सीटमागे पत्र्यात रबरी पापण्यांच्या झडपा असतात. दार बंद करताना आतली हवा त्यांतून बाहेर जाते, नाहीतर दार लागताना कानाला दडा बसेल. त्यांच्या कडेचा फोम कुजला तर केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीत उडणारं पाणी आत येतं. चिकटपट्टी, नळी, गॅस्केट. तेच सगळं पुन्हा.

सातवी पायरी: आता सिलिकॉन.

भोकं मोकळी आहेत, दिवा निर्दोष सुटला, झडपाही ठीक, आणि तरी पावडरीतली रेघ कडेच्या पक्क्या काचेच्या सांध्यातूनच निघते आहे. छान. इतका वेळ थांबलात, आता तुमचा हक्क आहे. पण भिंतभर रांगेतलं जाड सिलिकॉन नको. काचेच्या सांध्यांसाठी पातळ, वाहतं सिलिकॉन मिळतं. केशाकर्षणाचं जे तंत्र पाण्याने तुमच्याविरुद्ध वापरलं तेच ते पाण्याविरुद्ध वापरतं. केसाएवढ्या फटीत स्वतःहून शिरतं. सांधा स्पिरिटने पुसा, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, बारीक धार सोडा. खालच्या भोकांपासून चार बोटं दूर राहा.

लावताना पृष्ठभाग अगदी कोरडा हवा, आणि लावल्यावर वाळायला हवेत दमटपणा हवा. हा विनोद नाही. हे एकेरी नळीतलं सिलिकॉन हवेतल्या बाष्पावरच पिकतं. म्हणजे ज्याच्यामुळे हा सगळा उपद्व्याप करावा लागला त्याचीच मदत घ्यावी लागते. गराज असेल तर आत करा, नसेल तर दोन सरींच्या मध्ये ताडपत्री धरायला कुणीतरी शोधा. आपली ताडपत्री शेवटी उपयोगी पडली, हे बाबांना जरूर कळवा. काही सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरचा वास येतो. तो ॲसिटिक ॲसिडचा असतो आणि रंग उडालेल्या पत्र्याला ते गंज आणतं. तिथे ते नको.

त्यानंतर २४ तास गाडी हलवू नका, खिडकी उघडू नका. नेमका याच २४ तासांत मंडळातून फोन येईल. “गाडी मोकळी आहे ना रे? दिवाळीच्या कार्यक्रमाचं स्टेजचं सामान आणायचंय, अर्ध्या तासाचं काम.” पिकअपवाल्याला मंडळात पद नसतं, फक्त काम असतं. सिलिकॉन वाळतंय हे कारण त्यांना पटणार नाही. पाठ धरली म्हणा.

आठवी पायरी: वाळवण.

गळती थांबली म्हणजे ओल गेली असं नाही. गालिचा वरून कोरडा लागतो, पण त्याच्याखाली फोमचा जाड थर असतो आणि तो पाणी धरून बसतो. तळव्याने दाबा, बोटांच्या फटींतून पाणी वर आलं तर काम बाकी आहे. सीट तशीही बाहेर काढलेली आहे. गालिचा उचला, खाली काहीतरी घालून अधांतरी ठेवा, पंखा आणि डीह्युमिडिफायर लावा, आणि दिवसांच्या हिशोबात थांबा, तासांच्या नाही. काही गाड्यांत सीटखाली ॲम्प्लिफायर आणि इलेक्ट्रॉनिक डबे असतात. त्यांच्या प्लगांत हिरवट पूड दिसली तर बॅटरीची तार काढल्याशिवाय हात लावू नका. गाडीचे दिवे अचानक स्वतःच्या मर्जीने लागत असतील तर त्याचं मूळही बहुधा इथेच निघेल.

सीटखाली सापडणाऱ्या वस्तूंपैकी बुरशी आलेलं सगळं फेका. प्लास्टिकच्या झेंडूची माळ धुऊन परत मंडळात द्या. ज्यावरून गणपतीत दोन घरांत अबोला झाला तो मोदकाचा साचा सापडला, तर मात्र तो कुठे सापडला हे सांगू नका.

शेवटची पायरी: काचवाला.

काही वेळा चौकटीलाच तडा गेलेला असतो. केबिन रबरी आधारांवर बसलेली, गाडी खड्ड्यांत पिळवटते, आणि जुनं प्लास्टिक कोपऱ्यात हार मानतं. किंवा चौकट आणि पत्रा यांच्यामधला गोंदच सुटलेला असतो. मग अख्खी चौकट बाहेर काढून पुन्हा चिकटवावी लागते, आणि ते काम घरचं नाही. मागची काच टेम्पर्ड असते, पुढच्या काचेसारखी दोन थरांची नाही. कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलीत तर एका क्षणात तिचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात आणि ते पुढची दोन वर्षं सीटच्या शिवणींतून निघत राहतात.

इथे काचवाले व्हॅन घेऊन घरी येतात. तो आल्यावर आधी कॉफी विचारू नका, तो आधी खिडकी बघतो. पहिला प्रश्न ठरलेला: “कुणी सिलिकॉन लावलंय का याला?” कारण सिलिकॉनच्या अंशावर युरेथेनचा गोंद धरत नाही, ते नखाएवढं राहिलं तरी नवी खिडकी तिथेच गळणार. “आधीच्या मालकाने लावलं असेल” हे उत्तर तो रोज ऐकतो. तो वाद घालत नाही. चौकटीच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवतो, बुजवलेली भोकं एकेक करून मोजतो, आणि अंदाजपत्रकात खरवडण्याची मजुरी वेगळ्या ओळीत लिहितो.